कच्च्या रंगावरची खोळ

सुगराबी गेल्याचे कळले तेव्हा मी झाकलेली होते. मला काही दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते.

सकाळची वेळ होती. कुवेतमधल्या फरवानियातल्या आमच्या इमारतीमागे वाळूचे मोकळे मैदान आहे, तिथे मी उभी असते. माझे मालक मुस्तफाभाई कामावर निघाले होते. त्यांची चाल मला ओळखता येते. उजवा पाय ते जरा ओढतात. ती चाल माझ्याजवळ येऊन थांबली, कारण त्यांचा फोन वाजला. "हां, बोल," ते म्हणाले आणि ऐकू लागले. मग म्हणाले, "कधी?" आणि मग, "थांबवा. मी येतो. मी येईपर्यंत थांबवा."

पलीकडून काय उत्तर आले ते मला कळले नाही. त्यांचा हात माझ्या छतावर पडला. जाड खोळीतूनही तो जाणवला. तो हात उचलला गेला तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते.

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. रंगाने गडद निळी. माझी हकीगत मोठी नाही, पण तुमच्या घरी गाडी असेल तर ती ऐकून ठेवा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसे थोडी आणि यंत्रे फार. मला रंग दिला तोही यंत्रांनी, आणि भट्टीत नेऊन तो पक्का भाजला. मग जहाजाच्या पोटात बसून मी कुवेतला आले आणि शुवैखच्या बंदरात उतरले. माझे पहिले मालक दस्मानला राहणारे एक शिक्षक होते. ते मला सावलीत उभी करत आणि शुक्रवारी स्वतः धूत. त्यांना नवी गाडी मिळाली तेव्हा त्यांनी मला मुस्तफाभाईंना विकले.

मुस्तफाभाई रत्नागिरीकडचे. शर्कच्या मासळीबाजारात एका गाळ्यावर ते विक्रीचे काम बघतात. त्यांच्याकडे आल्यावर माझे दिवस बदलले. पापलेटला इथे जुबैदी म्हणतात. त्या जुबैदीचे, कोळंबीचे, सुरमईचे बर्फ भरलेले खोके माझ्या डिकीतून गिऱ्हाइकांच्या घरी जात. बर्फ वितळे. खारे पाणी डिकीच्या कडेने झिरपे. वरून समुद्राची खारी हवा आणि वर्षभराची धूळ. कितीतरी वर्षे मी तक्रार केली नाही. त्यांच्या पत्नी सुगराबी सगळ्यांना सांगत, "आमच्या गाडीला वास येतो, पण तिने मला कधी रस्त्यात सोडलं नाही." ते ऐकून मला बरे वाटे.

पण गंज आतून येतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बराच गेलेला असतो. माझ्या डिकीवर आणि मागच्या दरवाजांवर असे फोड आले. छताचा रंग उन्हाने उडून पांढुरका झाला.

त्याच सुमाराला माहीनला लायसन मिळाले. माहीन ही मुस्तफाभाईंची एकुलती मुलगी. ती इथेच जन्मली, इथेच शिकली आणि आता रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. परदेशी माणसाला इथे लायसन मिळणे सोपे नाही, त्यामुळे घरात मोठा आनंद झाला. गाडी माहीनला द्यायची असे ठरले. तिघेजण मला बघायला खाली आले.

"पोरगी पहिल्यांदा स्वतः गाडी घेऊन कामावर जाणार, आणि ती ही अशी?" सुगराबी म्हणाल्या. "देवी आलेल्या तोंडाची?"

"गाडीला तोंड कुठे असतं?" मुस्तफाभाई म्हणाले.

"तुमच्यापेक्षा बरं आहे तिचं."

माहीन हसली. "इट्स ओके, अम्मी. मला चालेल अशीच."

"तुला चालेल. मला नाही चालत."

सुगराबींना नाही चालत म्हटल्यावर विषय संपे. मला शुवैखच्या गॅरेजांमध्ये नेले. तिथे रविकांत नावाचा अलिबागकडचा पेंटर होता. त्याने माझा जुना रंग घासून काढला, गंज कापला, नवा पत्रा जोडला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासले. मग प्रायमर, मग रंग, आणि वर चकाकीचा पारदर्शक थर. रंग बदलायचा तर कागदपत्रांचे लचांड, म्हणून तोच गडद निळा ठेवला. आरशात पाहावे तसे मी गॅरेजच्या काचेत स्वतःला पाहिले. मी पुन्हा नवी झाले होते.

किल्ली देताना रविकांत म्हणाला, "भाई, हा रंग वरून सुकलाय, आतून कच्चा आहे. थोडे दिवस मेण नको, पॉलिश नको. धूळ बसली तर कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतील. सावलीत उभी करून साधं पाणी सोडा आणि मऊ कापडाने टिपून घ्या. आणि कव्हर तर अजिबात घालू नका. त्याला हवा लागू दे."

"कव्हर नाही. समजलं," मुस्तफाभाई म्हणाले.

आम्ही घरी पोहोचलो तर सुगराबी इमारतीच्या दारात उभ्या, हातात कपड्यांचा हा एवढा मोठा गठ्ठा. त्या घरबसल्या शिवणकाम करत. बायकांचे अबाये लहानमोठे करून देत, मुलांचे गणवेश शिवत. मी गॅरेजमध्ये होते तेवढ्यात त्यांनी माझ्यासाठी खोळ शिवली होती. जुनी चादर, पडद्याचे कापड आणि मध्ये आणखी एक थर. एकेरी कापडातून ऊन आरपार जाते म्हणून गोधडीसारखा धावदोरा घालून तिन्ही थर पक्के केले होते. कडेला बांधायला नाड्या.

मुस्तफाभाईंनी गठ्ठा पाहिला.

"पेंटर म्हणाला, सध्या झाकू नका," ते म्हणाले. "रंग कच्चा आहे."

"कच्चा आहे म्हणूनच झाकायचा. आभाळ बघा."

आभाळ खरोखरच तपकिरी झाले होते. धुळीचे वादळ येणार असे सकाळपासून सगळे म्हणत होते.

"बाळंतिणीला कुणी वाऱ्यावर ठेवतं का?" सुगराबी म्हणाल्या. "नवीन अंग आलंय तिला. चाळीस दिवस वारा लागू द्यायचा नाही."

"अगं, ती गाडी आहे."

"मग? तुमच्या पेंटरने किती बाळंतपणं काढलीत?"

मुस्तफाभाई हसले. दुसऱ्या दिवशी सुगराबी गावी जाणार होत्या. बहिणीच्या मुलीचे लग्न होते. निघायच्या आदल्या दिवशी बायकोशी वाद कोण घालतो? त्यांनी खोळीचे एक टोक धरले, सुगराबींनी दुसरे. माझ्यावर अंधार आला.

सकाळी वादळ आले. विमान वेळेवर आहे असा निरोप आला. नव्या रंगाला धुळीत न्यायचे नाही, म्हणून विमानतळावर जायला शेजारच्या साबीरची गाडी घेतली. साबीरही कोकणातलाच, मुस्तफाभाईंपेक्षा लहान. त्याच्या गाडीत बॅगा ठेवल्या जात असताना सुगराबी तोंडाला ओढणी लावून माझ्याकडे आल्या आणि त्यांनी एकेक नाडी स्वतः बांधली. त्यांचे वडील मच्छीमार होडीचे तांडेल होते. होडी खुंटाला बांधतात ती गाठ त्यांनी मारली. वारा जितका ओढेल तितकी ती घट्ट होते.

"मी आल्यावर मीच सोडणार," त्या म्हणाल्या. "तोवर कुणी हात लावायचा नाही. माहीन, तूसुद्धा नाही. आणि तुम्ही तर नाहीच. तुम्हाला कोळंबीच्या पिशवीची गाठ तेवढी येते."

"चल गो, विमान तुझ्या गाठींसाठी थांबणार नाही," मुस्तफाभाई म्हणाले.

साबीरच्या गाडीचा दरवाजा बंद झाला. नवा रंग दिल्यावर सुगराबी माझ्यात कधी बसल्याच नाहीत.

मित्रांनो, खोळीच्या आत काय होते ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. ऊन तापले की आतली हवा भट्टीसारखी होई. कच्च्या रंगातून अजून वाफ बाहेर पडत होती, तिला जायला वाट नव्हती. समुद्राकडून दमट वारा येई त्या दिवसांत सकाळी कापड ओले होई आणि माझ्या अंगाला चिकटून बसे. दुपारी ते वाळे. खालच्या कडेने बारीक धूळ आत शिरे. वारा खोळ हलवी आणि ती धूळ माझ्या अंगावर पुढे-मागे घासली जाई. मला ते सगळे कळत होते. गाडीला तोंड नसते हे मुस्तफाभाई खरेच म्हणाले होते.

मी वाट बघत होते. सुगराबी येतील आणि गाठी सोडतील. मग तो फोन आला. पुढचे काही मी खोळीतून ऐकले, काही मागाहून बाप-लेकीच्या बोलण्यातून कळले.

लग्न नीट पार पडले होते. पाहुणे गेल्यावर त्या अंगणात बसल्या, छातीत दुखते म्हणाल्या आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत संपल्या. आमच्याकडे मयत ठेवून घेत नाहीत. मुस्तफाभाई आणि माहीन मिळेल त्या विमानाने निघाले, पण ते पोहोचले तेव्हा दफन होऊन गेले होते.

काही दिवसांनी बाप-लेक परत आले. मला वाटले, आता तरी खोळ निघेल. संध्याकाळी मुस्तफाभाई खाली आले. त्यांनी कुंचल्याने खोळीवरची धूळ झाडली. मग चारी बाजूंनी फिरून एकेक गाठ चाचपली, आणि वर निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. ते रोज येत आणि रोज गाठी चाचपत. जणू त्या सैल होतील अशी त्यांना धास्ती होती.

माहीन बसने कामाला जात होती. जुलैच्या उन्हात इथल्या बसथांब्यावर उभे राहणे म्हणजे काय ते तिथे उभे राहिलेल्यालाच माहीत. एकदा ती घामाघूम होऊन परतली तेव्हा मुस्तफाभाई माझ्याजवळच होते.

"अब्बा, कव्हर काढू या ना," ती म्हणाली. "पेंटरने नको सांगितलेलं. पेंट स्पॉइल होईल."

"बघू."

"रोज बघूच म्हणता."

"साबीर सोडेल तुला उद्या. मी बोलतो त्याच्याशी."

"मला साबीरअंकलनी सोडायला नकोय. आपली गाडी आहे ना, अब्बा?"

ते खोळीवरची धूळ झाडत राहिले. ती वर गेली.

माझ्या शेजारी एक पांढरा पिकअप उभा असे. त्याचा मालक सुट्टीवर गावी गेला तो परत आलाच नव्हता. पिकअपवर धुळीचा थर साचला, एक टायर बसले. एके दिवशी दोन माणसे आली. इथल्या नगरपालिकेला बलदिया म्हणतात, त्या बलदियाची ती माणसे. त्यांनी पिकअपच्या काचेवर लाल कागद चिकटवला. बेवारस गाडी मुदतीत हलवली नाही तर उचलून नेऊ, असा त्याचा अर्थ. कुणी हलवली नाही. मग एका सकाळी साखळ्यांचा आवाज आला. पिकअपची पुढची चाके उचलली गेली आणि मागची वाळूत ओढत गेली. तो आवाज वळणापर्यंत ऐकू आला. शेजारची जागा रिकामी झाली. वारा आता त्या बाजूनेही येऊ लागला.

जाता जाता ती माणसे माझ्यापाशी थांबली होती. एकाने खोळीवर थाप मारली. दुसऱ्याने काहीतरी विचारले. त्या दिवशी ती निघून गेली. पण पुढच्या आठवड्यात मला समोरच्या बाजूला कागद घासल्याचा आवाज आला आणि कुणीतरी तळहाताने तो दाबून बसवला.

साबीरने तो आधी पाहिला. तो वर जाऊन मुस्तफाभाईंना घेऊन आला.

"मुस्तफाभाय, हा बघा. लाल कागद."

"माझी गाडी बेवारस नाही," मुस्तफाभाई म्हणाले.

"मला माहीत आहे. त्यांना कसं कळणार? महिन्या-दीड महिन्यात हलली नाही ती. नंबरप्लेटसुद्धा झाकलीय. उद्या येतील ते."

"मी उभा राहीन इथे. सांगेन त्यांना."

"काय सांगणार?"

मुस्तफाभाई एक गाठ चाचपू लागले. साबीर गाडीतून मासे कापायची सुरी घेऊन आला. "नाड्या कापू. दोन मिनिटांचं काम."

"सुरी लावायची नाही," मुस्तफाभाई म्हणाले. ते मोठ्याने बोलत नाहीत, पण साबीर मागे सरला.

तेवढ्यात माहीन कामावरून आली. तिने लाल कागद वाचला. तिला अरबी चांगले वाचता येते. वाचून ती वडिलांजवळ वाळूतच बसली.

"अम्मी म्हणाली होती, मी आल्यावर मीच सोडणार," मुस्तफाभाई म्हणाले.

"हो."

"कुणी हात लावायचा नाही म्हणाली."

"अब्बा, अम्मी येणार नाही."

"मला माहीत आहे. मी गेलो ना तिथे. माती वाळलेली होती."

माहीनने त्यांचा हात धरला. साबीर दुसरीकडे बघू लागला.

"ही तिने माझ्यासाठी रंगवून घेतली," माहीन म्हणाली. "उद्या ती लोकं घेऊन गेली तर अम्मीला काय सांगायचं?"

मुस्तफाभाई उठले. डिकीच्या कोपऱ्यातल्या गाठीपाशी ते उकिडवे बसले आणि नखांनी ती उकलू लागले. ती गाठ ओढून सुटत नाही. टोक मागे ढकलावे लागते, आणि इतक्या दिवसांच्या वाऱ्याने ते टोक दगडासारखे झाले होते. एक सुटायला बराच वेळ गेला. मग दुसरी. साबीरने मदत करू का विचारले, त्यांनी नकारार्थी मान हलवली. एका गाठीला त्यांनी दात लावले. ऊन उतरत गेले, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अस्रची, अजान झाली, ते उठले नाहीत. शेवटची नाडी सुटली तेव्हा त्यांच्या बोटांची टोके सोलली होती.

मग दोघांनी खोळ उचलली. बॉनेटवरून ती सहज आली. दरवाजांवरून आली. छतावर ती अडली.

"हळू," मुस्तफाभाई म्हणाले.

पुन्हा ओढली. छतावरून करकर असा आवाज आला आणि मला हवा लागली.

बॉनेटवर आणि दरवाजांवर बारीक ओरखड्यांची जाळी झाली होती. डिकीच्या कडेला ओलीने दोन फोड आले होते. पण छतावर आणखी काही होते. कच्च्या रंगात कापड रुतून बसले होते. उन्हाने तो रंग तसाच पक्का झाला होता. चादरीची वीण त्यात उमटली होती, आणि त्या विणीवरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सुगराबींचा धावदोरा. टाका न् टाका. एका ठिकाणी दोरा संपला असावा, तिथे त्यांनी टाके उलटे घेऊन नवा दोरा जोडला होता, तेही दिसत होते.

मुस्तफाभाईंनी छतावर हात ठेवला आणि ते बोटांनी टाके वाचत गेले.

त्या संध्याकाळी सावलीत नेऊन दोघांनी मला धुतले. साधे पाणी, मऊ कापड, वरून खाली. धूळ पाण्याबरोबर वाहून जाऊ दिली, घासली नाही. लाल कागद निघता निघेना, तो माहीनने भिजवून काढला. दुसऱ्या दिवशी बलदियाची माणसे आली तेव्हा माझी जागा रिकामी होती. मी शुवैखला होते, आणि मला तिथवर माहीनने चालवत नेले होते.

रविकांतने माझ्याभोवती एक फेरी मारली. कव्हर का घातले ते विचारायला त्याने तोंड उघडले, पण बातमी त्याच्या कानावर आलेली असावी, कारण तो म्हणाला, "भाभींचं ऐकलं. फार वाईट झालं." मग तो कामाचे बोलला. "ओरखडे निघतील. फोड छोटे आहेत, तेही करतो. छत मात्र पॉलिशने भागणार नाही. सगळं घासून पुन्हा रंग द्यायचा."

"घासलं की हे जाईल?" मुस्तफाभाईंनी विचारले.

"जाणारच. त्याच्यासाठीच घासायचं."

"आणि नाही घासलं तर?"

"वरचा थर धड बसलेला नाही, भाई. उन्हात सुटत जाईल. मग पाणी शिरेल, पत्र्याला गंज लागेल. छताचा गंज वाईट. काचेच्या रबराखालून आत उतरतो."

मुस्तफाभाईंनी माहीनकडे पाहिले. माहीनने जमिनीकडे.

"बाकीचं कर," ते म्हणाले. "छत सध्या राहू दे."

आता थंडीचे दिवस आहेत. माहीन मला रोज कामावर नेते. ती सावकाश चालवते आणि वळताना ओठ घट्ट मिटते. शुक्रवारी नमाजानंतर मुस्तफाभाई मला धुतात. रविकांतने सांगितले होते तेवढे दिवस थांबून त्यांनी मेण आणले. ते गोल गोल न फासता सरळ हाताने लावतात आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने चकाकी आणतात. दरवाजे, बॉनेट, डिकी. छताशी आले की हात थांबतो. तिथे ते फक्त पाणी सोडतात.

मित्रांनो, तुमच्याकडे गाडीला नवा रंग दिला तर तिला मोकळी हवा द्या. कितीही मायेने शिवलेली असली तरी कच्च्या रंगावर खोळ घालू नका. धूळ कोरडी पुसू नका. आणि एखाद्या वस्तूला हात लावायला तुमचा जीव होत नसेल, तर तिला कुणीतरी वेळेवर हात लावेल एवढे बघा. मी गाडी आहे, मला एवढेच सांगता येते.

गेल्या आठवड्यात इथे पाऊस पडला. छताच्या उजव्या कडेला वरचा थर नखाएवढा सुटला आहे. पाणी तिथे थांबते आणि ऊन आल्यावरही लवकर वाळत नाही. माहीनने ते पाहिले आहे. मुस्तफाभाईंनीही पाहिले आहे. दर शुक्रवारी ते म्हणतात, पुढच्या आठवड्यात रविकांतकडे नेऊ.

छत अजून घासलेले नाही.